रिसॉर्टचे जेवण परवडत नाही, तर...

सुट्ट्या संपल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते : खोलीचे भाडे कसेबसे जमवले, पण जेवणाच्या बिलाने कंबर मोडली. यंदा आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. बहुतेकांची सहल गोव्याची किंवा कोकणातली असल्यामुळे उत्तरेही त्याच पट्ट्याला धरून दिली आहेत.

प्रश्न : आईवडील, आम्ही दोघे आणि दोन मुले असे सहा जण दिवाळीत दक्षिण गोव्यातील एका रिसॉर्टमध्ये राहिलो. शेवटच्या दिवशी हिशेब केला तेव्हा जेवणाचा खर्च खोल्यांच्या भाड्याहून जास्त निघाला. मुले बुफेला कंटाळली, वडिलांना मधुमेह असल्याने त्यांना चालेल असे त्यात थोडेच होते. पुढच्या वर्षी स्वयंपाकघराची सोय असलेली जागा घेऊन आपणच करून खावे असा विचार आहे. यात खरोखर बचत होते का? बरोबर काय न्यावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बचत होते, मात्र तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक करायचा ठरवलात तर समुद्र खिडकीतूनच पाहावा लागेल. माझे मत असे की सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण मुक्कामाच्या ठिकाणी करावे व दुपारी खुशाल बाहेर जेवावे. दुपारी तुम्ही फिरतीवरच असता, आणि गोव्यातल्या कुठल्याही गावात साध्या खाणावळीत मिळणारी शीत-कडी (म्हणजे भात आणि कालवण) आणि तळलेल्या माशाची थाळी रिसॉर्टच्या बुफेपेक्षा पुष्कळ स्वस्त असते; शिवाय चवीला उजवी असते, हे मी मुद्दाम सांगते.

आता आकडे मांडून पाहू. समजा, बुफेचा दर माणशी ८०० रुपये आहे. सहा जणांच्या एका वेळच्या जेवणाचे ४,८०० रुपये होतात. ज्या हॉटेलच्या खोलीचे भाडे आदल्या आर्थिक वर्षात दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेलेले असते, तेथील उपाहारगृहाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तर साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. म्हणजे मोठ्या रिसॉर्टमध्ये याच जेवणाचे ५,६६४ रुपये झाले. तेच रात्रीचे जेवण तुम्ही केलेत तर मासळी, भाजी, दूध धरून हजार-अकराशेत भागावे. पण येथेच थांबून टाळी वाजवू नका. स्वयंपाकघर असलेली जागा साध्या खोलीपेक्षा महाग असते, आणि एका शयनगृहाच्या जागेत सहसा चार माणसांनाच परवानगी मिळत असल्याने तुम्हाला दोन शयनगृहांची जागा लागेल. या दोन्ही भाड्यांतला फरक रात्रीला दोन हजार असला, तरी रात्रीमागे अडीच हजारांच्या आसपास उरतात. फरक चार-पाच हजारांचा असेल तर सगळा खटाटोप व्यर्थ आहे, आणि मग जवळच्या गावातल्या खाणावळीत जाऊन जेवलेले बरे.

आरक्षण करताना दरासमोरची अक्षरेही वाचावीत. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे न्याहारीसह, एमएपी म्हणजे न्याहारी आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळी जेवणे. ईपी आणि सीपी यांच्या दरात फारसे अंतर नसेल तर न्याहारी रिसॉर्टचीच घ्यावी. साडेनऊला भरपेट खाल्लेल्या माणसाला दुपारी दोनपर्यंत काही लागत नाही, आणि सकाळची घाईही वाचते. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री अनेक रिसॉर्टांत मेजवानीचे पैसे सक्तीने लावतात, त्याची चौकशी आधीच करावी. बिलात सेवाशुल्क जोडलेले आढळले, तर ते ऐच्छिक आहे हे लक्षात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. ते काढून टाकण्यास सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

‘स्वयंपाकघराची सोय’ या शब्दांवर फार विसंबू नये. प्रत्यक्षात कपाट उघडल्यावर दिसते ते असे : एक इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, दोन पातेली, सहा काचेच्या थाळ्या, चमचे आणि टोमॅटोसुद्धा न कापणारी सुरी. कुकर नसतो, सांडशी नसते, चाळणी नसते, डाव असलाच तर एकच. म्हणून धारदार सुरी, सांडशी, चहाची गाळणी, एक डाव, किसणी आणि तीन लिटरचा कुकर घरून न्यावा. कुकर इंडक्शनवर चालणारा हवा. त्याच्या बुडाला चुंबक चिकटले तर तो चालेल. घरातला साधा अॅल्युमिनियमचा कुकर त्या शेगडीवर ढिम्म हलणार नाही. खोली ताब्यात घेताना भांड्यांच्या यादीवर सही घेतात, त्या वेळी थाळ्या मोजून, टवके उडालेले असतील तर तेथल्या तेथे दाखवून द्यावेत.

शिधा मात्र बेताचा न्यावा. गोव्यात तांदूळ मिळतो, तेल मिळते, नारळ तर मिळतोच. या वस्तू डोंबिवलीहून वाहून नेण्यात हशील नाही. जे तेथे तुमच्या चवीचे मिळणार नाही आणि ज्याने वेळ वाचतो, तेवढेच बांधून घ्या : गोडा मसाला, लसणाची चटणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, भाजलेला रवा, भाजून घेतलेली मूगडाळ आणि तांदूळ तिखट-मीठ-हळद घालून एकत्र केलेली खिचडीची पुडी, आणि मोहरी-हिंग-कढीपत्त्याची तयार फोडणी घट्ट झाकणाच्या बाटलीत. कुळथाचे पिठले आणि भात पंचवीस मिनिटांत होतो. त्यासोबत बाजारातून आणलेल्या कोकमाच्या आगळाची सोलकढी केली की पंक्तीला आणखी काही लागू नये. वडिलांसाठी नाचणीचे पीठ जरूर न्या. त्यांच्या बाबतीत खरा फायदा पदार्थांपेक्षा वेळेचा आहे : अनेक ठिकाणी रात्रीचा बुफे आठनंतर उघडतो, आणि गोळी घेणाऱ्या माणसाला तोवर ताटकळणे झेपत नाही. आपल्या हाती शेगडी असली की साडेसातला पान मांडता येते.

खरेदीसाठी दक्षिण गोव्यात मडगावचा बाजार सोयीचा; उत्तरेकडे असाल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. किराण्यासाठी गोवा बागायतदार संस्थेची दुकाने बऱ्याच ठिकाणी आहेत, आणि दरांबाबत तेथे फसवणुकीची भीती नाही. आगशीची वांगी हाती लागली तर सोडू नका. पावासाठी बाजारात जाण्याचीही गरज नाही. सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर टोपली बांधून, रबरी भोंगा पीं-पीं करीत गावातून फिरतो. तो रिसॉर्टच्या फाटकाच्या आत येत नाही, म्हणून पिशवी घेऊन वाडीच्या रस्त्यावर उभे राहावे लागते. टोपलीवरचे प्लास्टिक बाजूला सारले की उंडे, कातरे पाव, कांकणे आणि कोंड्याची पोयी दिसते. मधुमेह असलेल्या माणसाने मैद्याच्या पावाऐवजी पोयी मागावी, तीही बेतानेच. मुलांना हे काम सोपवा. बुफेला कंटाळलेली मुले स्वतः आणलेला गरम उंडा लोणी लावून मुकाट्याने खातात.

मासळी घ्यायची असेल तर बांगडे, तारले किंवा लेपो घ्याव्यात. इसवण, म्हणजे आपली सुरमई, पर्यटकांच्या हंगामात भलतीच चढते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा पावसाळी सहलीत मासळीचा बेत स्वस्तात होईल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि खोलीत मासे तळू नका. धूर बाहेर काढणारा पंखा बहुधा दुबळा असतो, तेलाचा वास पडद्यांना धरतो आणि धुराची घंटा वाजू लागते. कालवण करावे, ते निमूट शिजते.

एक सावधगिरीची गोष्ट. रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकण्याची आपली घरची सवय किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात आवरावी. शिजवलेला भात दोन तासांहून अधिक बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सेरिअस हा जिवाणू वाढू शकतो, आणि त्याने तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. खोलीतल्या छोट्या फ्रिजचाही भरवसा धरू नये. शीतपेये गार ठेवण्यापुरता तो असतो, आणि काही ठिकाणी दाराजवळच्या खोबणीतून किल्लीचे कार्ड काढले की दिव्यांबरोबर फ्रिजही बंद पडतो. दिवसभर फिरून आल्यावर दूध नासलेले का, याचे उत्तर अनेकदा तेथे असते. दूध रोजच्या रोज लहान पिशवीतले आणावे.

प्रश्न : तुमच्या सदरात असे सल्ले छापून येतात आणि आमच्याकडे लगेच बेत ठरतात. वर्षभर मी ओट्यापाशी उभी असते. सहलीतही मीच स्वयंपाक करायचा असेल तर ती सुट्टी कुणाची? पैसे वाचतात हे मान्य, पण ते माझ्या कष्टांतून वाचतात याचा हिशेब कोणी करीत नाही.
— एक गृहिणी, नाशिक

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि वरच्या उत्तरातला हिशेब अर्धाच आहे हे त्यातून दिसते. पुरुषमंडळी ‘साधंच कर, नुसती खिचडी’ असे म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ताटातली खिचडी असते. डाळ-तांदूळ धुणे, कांदा चिरणे, नंतर मोरीएवढ्या बेसिनमध्ये कुकर घासणे आणि ओला कचरा बांधून खाली नेणे ही कामे त्यांना दिसत नाहीत. तेव्हा बेत ठरवतानाच कामे नावानिशी वाटून घ्यावीत, आणि वाटणी झाली नाही तर स्वयंपाकघराच्या जागेचे जादा भाडे भरूच नये. ‘मी मदत करीन’ हे आश्वासन धरू नका. कोणत्या रात्री कोण करणार, कोण घासणार, हे निघण्याआधी ठरले पाहिजे. ज्याला काहीच येत नाही त्याला भात लावता येईल. मायक्रोवेव्हमध्ये एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालून पंधरा-अठरा मिनिटे ठेवले की भात होतो. त्यात चूक झालीच तर भात गिचका होईल, यापलीकडे काही बिघडणार नाही.

पहिल्या दिवशी तर कोणीच स्वयंपाक करू नये. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, सोबत दाण्याची चटणी आणि गूळ एवढे घरून निघताना घेतले की प्रवासाचा दिवस आणि मुक्कामाची पहिली रात्र निभते. अर्थात हेही कुणालातरी करावे लागते. जवळच्या पोळी-भाजी केंद्राला दोन दिवस आधी सांगून ते मागवता येते, आणि त्यासाठी मोजलेले पैसे रिसॉर्टच्या एका वेळच्या चहा-भजीहूनही कमी असतात.

तुमची सहल गोव्याऐवजी कोकणात निघणार असेल तर आणखी चांगला मार्ग आहे. दापोली, गुहागर, गणपतीपुळे, दिवेआगर या भागांत घरगुती जेवण देणारी कुटुंबे जागोजाग आहेत. त्यांचा एकच दंडक असतो : सकाळीच माणसे किती आणि शाकाहारी किती ते सांगायचे. आयत्या वेळी गेलात तर उपाशी परताल, कारण नारळ खवला जातो तो मोजून. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे. अशा ठिकाणी जेवायला रिसॉर्टच्या मानाने बराच कमी खर्च येतो आणि पैसे त्या घरातल्या बाईच्या हाती पडतात, हे मला अधिक पटते.

मासळीची आवड असेल तर दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावरचा लिलाव पाहा. बोटी किनाऱ्याला लागल्या की वाळूत मासळीचे ढीग ओतले जातात आणि भोवती कडे करून बोली सुरू होते. तेथे घाऊक माल सुटतो, घरच्या माणसाने मध्ये पडू नये. लिलाव आटोपल्यावर त्याच वाळूत कोळणी वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्यावे. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि बोट दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारे असावे. थोडे जास्त पैसे दिले की त्या मासे साफ करून, तुकडे करून देतात. ती पिशवी मुक्कामाच्या घरमालकिणीकडे द्यावी. बहुतेक ठिकाणी शिजवून देण्याचा दर ठरलेला असतो, आणि वाटणासह सगळे तिच्या हातचे मिळते. तुम्ही त्या वेळात किनाऱ्यावर जा.

प्रश्न : आम्ही नवराबायको दोघेच. स्वयंपाकघर नसलेल्या साध्या खोलीत राहतो. खोलीतल्या केटलीत अंडी, मॅगी, भात करतात असे चित्रफितींत पाहिले आहे. घरची इंडक्शन शेगडी नेली तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खोलीतली केटली पाण्यासाठी आहे. तिच्यात दूध घातले तर ते बुडाशी लागते आणि वास पुढच्या चार पाहुण्यांना येत राहतो. तुमच्या आधीच्या पाहुण्याने तिच्यात काय शिजवले होते, हेही तुम्हाला माहीत नसते. नुकसानीचे पैसे लावले तर तक्रारीला जागा राहत नाही.

शेगडीचे गणित विजेचे आहे. खोलीतल्या टेबलाजवळची विजेची खोबण (सॉकेट) सहसा ६ अँपिअरची असते, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉटचा भार ती पेलते. इंडक्शन शेगडी पूर्ण ताकदीवर २,००० वॉट ओढते. तिला १६ अँपिअरची खोबण लागते, ती असते गीझरची किंवा वातानुकूलन यंत्राची. तेथे हात घालू नये. म्हणून हॉटेलांची बंदी ही नुसती कटकट नसते. पाच-सहाशे वॉटचा दोन माणसांचा छोटा विजेचा भातकुकर मात्र साध्या खोबणीवर चालतो, आणि त्यात भात, खिचडी, उपमा, उकडलेली अंडी एवढे होते. तोही व्यवस्थापकाला विचारूनच, शक्यतो ईमेलवर लेखी होकार घेऊन वापरावा. धुराचा संवेदक पिशवीने झाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. आग लागली तर त्या मजल्यावरच्या सगळ्यांना त्याचीच सूचना मिळणार असते.

खरे तर दोघांसाठी शिजवण्याची गरजच नाही. गरम पाण्यात भिजणाऱ्या वस्तू पुरतात : तयार पोह्यांचे मिश्रण, सातूचे पीठ, सूप, जोडीला फळे, दही, पाव. बाहेरून जेवण मागवण्याला काही रिसॉर्ट मनाई करतात. ती अट आरक्षणाच्या नियमांत लिहिलेली असते, आणि लहान मुलाचे अन्न किंवा पथ्याचे जेवण असेल तर आधी कळवल्यास बहुतेक जण आडकाठी करीत नाहीत.

प्रश्न : आम्ही सहा मित्र रेल्वेने गोव्याला जाणार आहोत. छोटी गॅसची शेगडी नेऊन समुद्रकिनाऱ्यावरच रस्सा-भात करण्याचा बेत आहे. काही अडचण?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही ठिकाणी कायदा आडवा येतो. रेल्वेच्या डब्यात गॅस, रॉकेल, पेट्रोल असे ज्वालाग्राही पदार्थ नेता येत नाहीत. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १६४ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि झालेल्या हानीची भरपाई वेगळी. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागून नऊ माणसे दगावली. डब्यात बेकायदा नेलेला गॅस सिलिंडर त्याला कारण झाला होता, आणि तोही चहा-जेवणासाठीच नेलेला होता. डब्यातल्या खोबण्या मोबाइल आणि लॅपटॉपसाठी असतात, तेव्हा तेथे केटली लावण्याचाही विचार करू नका. विमानाने गेलात तरी गॅसची नळकांडी कोणत्याच सामानात चालत नाहीत.

किनाऱ्याचे म्हणाल तर गोव्यात २०१९ च्या कायदेदुरुस्तीने पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे आणि मद्यपान करणे दंडनीय केले. त्या वेळी एकट्याला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये दंड ठरला होता, नंतर तो वाढतच गेला. स्थानिक लोकांचा रोषही समजण्यासारखा आहे, कारण बसगाड्यांतून येणाऱ्या सहली वाळूत उष्टे आणि कांद्याची सालपटे टाकून निघून जात असत.

सहा जणांनी किनाऱ्यापासून थोडे आत, गावात, मागे परस असलेले जुने घर भाड्याने घ्यावे. तेथे गॅस, भांडी आणि बहुधा पाटा-वरवंटाही असतो. चुलीवरच करायची हौस असेल तर घरमालकाला विचारून परसात दगड मांडा. सरपण त्याच्याकडूनच विकत घ्या, आवारातल्या माडांच्या झावळ्या न विचारता तोडू नका. मांसाहार चालतो का हेही आरक्षणाआधीच विचारून ठेवा, कारण काही घरांत मासे चालतात पण मटण-कोंबडी चालत नाही, आणि काही घरांत दोन्ही चालत नाहीत.